जेऊर ते औंढा : आकाशाच्या बातम्यांसाठी एक प्रस्तावना

खगोलशास्त्रात सध्या काय चालले आहे ते वाचायला सुरुवात कुठून करावी, असे धाराशिव जिल्ह्यातल्या कुणी विचारले, की मी आधी जेऊरचे नाव घेतो. करमाळा तालुक्यातले, पुणे–सोलापूर लोहमार्गावरचे हे स्टेशन. परंड्याहून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. आज तिथून जाणाऱ्या-येणाऱ्याला ठाऊक नसते, पण २२ जानेवारी १८९८ च्या दुपारी जगातले काही नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ या गावच्या माळावर तंबू ठोकून सूर्य झाकला जाण्याची वाट पाहत होते. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. पुण्याहून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला आपली उपकरणे घेऊन हजर होते. मुंबई-पुण्याकडे प्लेगचे दिवस होते. एवढे सगळे जमवून मिळणार होती फक्त दोन मिनिटे.

त्या दोन मिनिटांत कॅम्पबेल यांना एक वेगळीच गोष्ट पाहायची होती. सूर्याभोवतीचे प्रभामंडळ, म्हणजे खग्रास ग्रहणातच दिसणारे ते पांढुरके तेजोवलय, सूर्याबरोबर फिरते का? फिरत असेल, तर एका कडेचा प्रकाश आपल्याकडे येणारा आणि दुसऱ्या कडेचा दूर जाणारा असणार, आणि वर्णपटातली रेषा दोन्हीकडे किंचित वेगळ्या जागी दिसणार. त्यासाठी त्यांनी प्रभामंडळाच्या प्रसिद्ध हिरव्या रेषेचा फोटो घेतला. भ्रमणाचे उत्तर ठामपणे मिळाले नाही. पण मोजता मोजता असे लक्षात आले की १८६९ पासून सगळे जण त्या रेषेची जी तरंगलांबी धरून चालले होते तीच चुकीची होती. खरा आकडा ५३०३ अँगस्ट्रॉमच्या आसपास निघाला.

आता ही बातमी तिथे संपली का? नाही. या रेषेला बसणारे कोणतेच मूलद्रव्य पृथ्वीवर सापडेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पून झाले होते. ते कल्पनेतच राहिले. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी दाखवले की ही रेषा साध्या लोखंडाची आहे, मात्र ज्याचे तेरा इलेक्ट्रॉन निघून गेले आहेत अशा लोखंडाची. लोखंडाचे इतके हाल व्हायचे तर तापमान दहा-वीस लाख अंश हवे. आणि सूर्याचा पृष्ठभाग आहे साडेपाच हजार अंशांचा. वरचा थर आतल्यापेक्षा इतका तापतो कसा, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला तो अजून पुरता सुटलेला नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी पोचलेले ‘आदित्य-एल१’ हे यान याच प्रश्नाच्या मागे आहे. त्यावरचे बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बांधलेले प्रभामंडळ पाहणारे उपकरण ज्या ठरावीक रेषांवर रोखलेले आहे, त्यांतली एक ५३०३ अँगस्ट्रॉमची आहे. त्याच यानावर पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेने केलेली अतिनील दुर्बीणही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच पीएसएलव्हीने सोडलेली युरोपची ‘प्रोबा-३’ ही यानजोडी कृत्रिम ग्रहण घडवून प्रभामंडळ पाहते. तिच्याकडेही हाच हिरवा गाळक आहे.

म्हणून ‘आदित्य’ची पुढची बातमी आली, की मथळ्यातले ‘सूर्याचे रहस्य उलगडले’ सोडून द्यावे आणि कोणती रेषा, कोणता थर, किती तापमान, एवढे शोधावे. जेऊरच्या माळावर ज्या रेषेचा फोटो निघाला त्याच रेषेची ती पुढची नोंद असते. या विषयाची प्रत्येक ताजी बातमी अशी कुठल्या तरी जुन्या खात्यातली नवी नोंद असते. खाते माहीत नसले की नोंद चमत्कारासारखी वाटते किंवा निरर्थक. तिसरे काही होत नाही.

जाता जाता, विजयदुर्गाचे. त्याच १८९८ च्या ग्रहणाला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर होते. १८६८ च्या ग्रहणाला त्यांनी तिथे हेलियम शोधला, ही कथा मात्र दर ऑगस्टमध्ये नव्याने छापून येते. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होते, आणि हेलियमची ती पिवळी रेषा त्यांनी तिथूनच, ग्रहण नसताना, ऑक्टोबरात नोंदवली. आपल्या प्रदेशाचा अभिमान असावा, पण तारखा तपासून.

१८९८ ची सावली ईशान्येकडे सरकत गेली. केंब्रिजचे न्यूऑल तिची वाट पाहत वर्ध्याकडच्या पुलगावला बसले होते. नकाशा घेऊन जेऊर आणि पुलगाव पट्टीने जोडा. ती रेषा हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथपासून वीसेक किलोमीटरच्या आत जाते. हा निव्वळ योगायोग. पण मराठवाड्याच्या वाचकाने पुढची वीस वर्षे ज्या एका जागेच्या बातम्या न चुकता वाचाव्यात ती हीच जागा आहे. औंढ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः होकार दिला, ६ एप्रिल २०२३ रोजी मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात, आत निर्वात नळी, आणि टोकाला टांगलेल्या आरशांमध्ये ये-जा करणारा लेसर. गुरुत्वीय लहर गेली की एक भुजा क्षणभर लांब होते, दुसरी आखूड. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाएवढी, किंवा त्याहून कमी.

इथे लोहारा-उमरग्याकडचा वाचक हमखास एक प्रश्न विचारतो, आणि तो विचारायलाच हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि सास्तूर ज्यांनी पाहिले, त्यांनी का म्हणून मानावे की प्रोटॉनचा हजारावा हिस्सा मोजणारे यंत्र मराठवाड्याच्या जमिनीवर ठेवणे शहाणपणाचे आहे? हिंगोली परिसरातही मार्च २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता. उत्तर असे, की या यंत्राचा रोजचा शत्रू मोठा भूकंप नव्हे. भूकंप आला की आरशांचा ताळमेळ सुटतो, यंत्र काही काळ बंद पडते, मग पुन्हा लावून घेतात. अमेरिकेतल्या दोन्ही लायगोंत जगाच्या पाठीवर कुठेही मोठा भूकंप झाला तरी हेच होते. खरा त्रास जमिनीच्या सततच्या बारीक थरथरीचा : रेल्वे, मालट्रक, कारखाने, समुद्राच्या लाटा. यांपासून दूर, कठीण खडकावर, सपाट जागा हवी होती. त्यावरही चाळीस किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकांना टांगतात, म्हणजे वरची थरथर खाली येईतो विरते. इमारती भूकंप धरून बांधाव्या लागतीलच, तो वेगळा हिशोब. पण ‘भूकंपाच्या पट्ट्यात यंत्र ठेवले’ आणि ‘जमीन शांत आहे म्हणून यंत्र ठेवले’ ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, हे समजले की लायगोच्या बातम्यांतली निम्मी गुंतागुंत सुटते.

आणि हे यंत्र भारतातच का, याचे आकाशातले कारणही सांगायला हवे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आली. अमेरिकेतले दोन आणि इटलीतला व्हर्गो अशा तिघांच्या वेळांतल्या फरकावरून आकाशाचा सुमारे २८ चौरस अंशांचा तुकडा ठरला. त्यात शोधताना अकरा तासांच्या आत तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्यांनीही पुढे त्याच्या रेडिओ प्रकाशाचा माग काढला. तपासणारी केंद्रे जितकी दूरदूर पसरलेली, तितकी जागा नेमकी. भारतातले केंद्र म्हणजे त्या जाळ्याचा आजवर रिकामा असलेला कोपरा. या लहरी गोंगाटातून ओळखून काढण्याचे गणित आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी लायगो चालू होण्याच्या कितीतरी आधीपासून करत होते, हेही ध्यानात ठेवावे. औंढ्याला यंत्र नंतर येते आहे, गणित पुण्यात आधीच पोचले होते.

आता ज्या बातम्यांनी झोप उडते त्यांच्याकडे वळू. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या एका दुर्बिणीला ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह दिसला. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग दोन, आणि १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्के. संभाव्य पट्ट्यात मुंबईचे नाव आले आणि आपल्याकडच्या वाहिन्यांना दुसरे काही सुचेना. आठवड्याभरात शक्यता जवळजवळ शून्यावर आली. त्यावर बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला की शास्त्रज्ञांनी आधी घाबरवले आणि मग शब्द फिरवला.

तसे काही झाले नव्हते. हरवलेले जनावर शोधायला निघाल्यावर आधी सगळा शिवार पालथा घालायचा असतो. त्यात आपले शेत म्हणजे एक लहानसा तुकडा. माग लागत जातो तसा शोधाचा घेर आवळतो, आणि आपले शेत अजून घेरात असेल तर जनावर तिथेच असण्याची शक्यता वाढत जाते. मग एका क्षणी घेर शेताच्या पलीकडे सरकतो आणि शक्यता एकदम शून्य होते. लघुग्रहाच्या कक्षेचे असेच होते. नवी निरीक्षणे आली की अनिश्चिततेचा पट्टा आखूड होतो. पृथ्वी त्याच्या आत असेपर्यंत टक्का चढतो. म्हणजे टक्का वाढतो आहे ही बातमी मोजमाप सुधारत असल्याची असते, दगड जवळ येत असल्याची नव्हे. पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येणारच आहे, कारण चिलीतल्या रूबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे दाखवली आणि तिच्यामुळे असे दगड ढिगाने सापडणार आहेत, एवढे एक ध्यानात असले तरी पुरे.

दुसरा मासला के२-१८बी या ग्रहाचा. १२० प्रकाशवर्षांहून थोडा दूर. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जाहीर केले की तिथल्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडसारखा वायू असावा. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात. लगेच ‘दुसऱ्या ग्रहावर जीवसृष्टी’. पण गटाने स्वतःच सांगितले होते की त्यांचा पुरावा तीन सिग्मा एवढा आहे, आणि शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात. तीन सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोगाने असे दिसण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. ऐकायला पक्के वाटते. पण खगोलशास्त्रात एका वेळी इतक्या ठिकाणी इतक्या गोष्टी शोधल्या जातात की हजारात तीन वाले योगायोग सतत हाती लागतात. इतर गटांनी तीच निरीक्षणे आपापल्या पद्धतीने तपासली आणि त्यांना ठोस पुरावा दिसला नाही. भांडण चालू आहे. सिग्मा हा शब्द मराठी बातमीत बहुधा गाळलेला असतो, ‘तज्ज्ञांच्या मते’ मात्र असते. हा व्यवहार उलटा व्हायला हवा.

१ जुलै २०२५ ला सापडलेला ‘३आय/ॲटलास’ हा धूमकेतू दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला तिसरा ज्ञात पाहुणा. त्याला परग्रहवासीयांचे यान ठरवणारे व्हिडिओ धाराशिवच्या फोनांवरही फिरले. १९ डिसेंबरला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, म्हणजे सुमारे सत्तावीस कोटी किलोमीटरवर. त्यावर याहून जास्त शाई खर्च करायची गरज नाही.

भांडणांबद्दल मात्र थोडे अधिक बोलायला हवे, कारण नवखा वाचक त्यांनीच बिचकतो. विश्वाचा प्रसरणवेग एका पद्धतीने ६७ येतो, दुसरीने ७३. मार्च २०२५ मध्ये ‘डेसी’ प्रकल्पाने सुचवले की विश्वाचे प्रसरण वेगवान करणारी कृष्ण ऊर्जा काळाप्रमाणे बदलत असावी, तेही पाच सिग्माच्या अलीकडे. ‘मग खरे काय?’ असे विचारून वाचक वर्तमानपत्र खाली ठेवतो. मराठी वाचकाला खरे तर याची सवय असायला हवी. १९६० च्या दशकात फ्रेड हॉइल यांच्यासह स्वतःचा गुरुत्व सिद्धांत मांडणारे जयंत नारळीकर महास्फोटाच्या कल्पनेला अखेरपर्यंत पर्याय शोधत राहिले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ त्यांच्याशी असहमत होते, आणि त्याच नारळीकरांनी १९८८ साली उभ्या राहिलेल्या आयुकाचे संस्थापक संचालकपद सांभाळले, जिथे त्यांचे न पटणाऱ्यांनाही तितकीच जागा होती. ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०२० मध्ये आपल्या धाराशिवात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, भरले. त्याच्या पुढच्या, नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद मराठीने नारळीकरांना दिले. २० मे २०२५ रोजी ते गेले. ‘आकाशाशी जडले नाते’ हे त्यांचे पुस्तक जिल्ह्यातल्या कुठल्याही बऱ्या वाचनालयात सापडायला हरकत नाही. त्याच्यामागून वाटल्यास शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे १८९६ चे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ घ्यावे. ते अवघड आहे, पण पंचांग हातात घेऊन वाचले तर उलगडत जाते.

पंचांगाचा विषय निघालाच आहे. मृगाचे वाहन या वर्षी बेडूक की म्हैस की गाढव, याची चर्चा इथल्या प्रत्येक पारावर होते, आणि तिच्यामुळे सूर्य जूनच्या सात-आठ तारखेला मृगात जातो हे सोयाबीन पेरणाऱ्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. त्याला एवढेच पुढे सांगायचे, की पृथ्वीचा अक्ष डुलत असल्यामुळे ही तारीख साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते, ऋतू मात्र सरकत नाहीत. वाहनावरून पाऊस ठरत नाही, हे सांगायची वेळ त्यानंतर येते, आणि तेव्हा ते ऐकूनही घेतले जाते.

रोजच्या वाचनाची सोय आता अशी आहे की पूर्वी पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकालाही नव्हती. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आपले लेख छापून येण्याआधीच ‘अर्काइव्ह’ या खुल्या संग्रहात ठेवतात. तो १९९१ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि त्याची नवी यादी आपल्याकडे सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेपाच-साडेसहाला येते, म्हणजे दूध घालायला निघायच्या वेळी. पूर्ण लेख वाचायचा नाही. सारांशाची शेवटची दोन वाक्ये वाचायची; ‘आढळले’ म्हटले आहे की ‘सुसंगत दिसते’, एवढे पाहायचे. या दोहोंतले अंतर बातमीत नाहीसे झालेले असते. संस्थांची प्रसिद्धीपत्रके उपयोगी असतात, पण ती आपल्या घरचे कौतुक असते हे विसरू नये, मग संस्था नासा असो, इस्रो असो की पुण्यातली.

बातम्यांच्या बरोबरीने एक मोजमाप स्वतः करावे असे मी आग्रहाने सांगेन. धाराशिव १८ अंश ११ कलांच्या आसपासच्या अक्षांशावर आहे, म्हणून १२ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. नळदुर्गला हे एक दिवस आधी घडते, भूमला एक दिवस नंतर. वेळ बाराची नाही, बारा बावीसची. मुख्य कारण म्हणजे आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालते आणि आपण ७६ वर आहोत. जागा सपाट बघून पाण्याचा पाइप किंवा सळई ओळंब्याने उभी करावी आणि बारा वाजल्यापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. खुणा बुडाकडे सरकत येतात, सळईच्या जाडीत सावली गडप होते आणि मग पलीकडून निघते. आदल्या आणि दुसऱ्या दिवशीही हेच केले तर सावलीच्या उरलेल्या लांबीवरून आपला अक्षांश स्वतः काढता येतो, आणि उत्तर किती चुकले तेही कळते. ज्याने स्वतःच्या मोजमापातली चूक एकदा काढली, त्याला ‘तीन सिग्मा’ समजावून सांगावे लागत नाही. हाच योग ३१ जुलैच्या सुमारास पुन्हा येतो, पण तेव्हा ढग.

एक खाते उघडायचे राहिले. उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात असताना हैदराबादेत निजामिया वेधशाळा होती. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्वतःच्या पैशाने दुर्बीण आणून ती सुरू केली. १९०८ मध्ये ती राज्याकडे आली आणि मग तिचा खर्च त्याच तिजोरीतून होऊ लागला जिच्यात इथल्या शेतांचा साराही जात होता. पॅरिसमध्ये १८८७ साली ठरलेल्या आकाशनकाशाच्या प्रचंड कामात साऱ्या आकाशाचे पट्टे जगातल्या वेधशाळांनी वाटून घेतले होते. दक्षिणेकडचा उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा चिलीतल्या सांतियागोकडून होईना, तो हैदराबादने उचलला. काचांवर फोटो, त्यांवरच्या एकेका ठिपक्याची सूक्ष्मदर्शकातून मापे, लाखो तारे, आणि टी. पी. भास्करन यांच्यासारख्या संचालकांची अख्खी कारकीर्द. काम पुरे होईतो ते जुनाट वाटू लागले होते.

पण ताऱ्याची चाल काढायची तर जुनी जागा लागते, आणि ती नंतर कुणीही नव्याने मोजून आणू शकत नाही. २००० साली पंचवीस लाख ताऱ्यांची ‘टायको-२’ सूची तयार झाली तेव्हा त्यांच्या चाली काढायला जगभरच्या त्या जुन्या पट्ट्यांतली, हैदराबादचीही, स्थाने वापरली गेली. २०१६ मध्ये युरोपच्या ‘गाया’ यानाने आपली पहिली मापे टायकोच्याच आधाराने दिली. त्यानंतर गायाने स्वतःच्या निरीक्षणांवर पावणेदोनशे कोटींहून अधिक ताऱ्यांचा हिशोब मांडला आणि जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षणे थांबवली. गायाच्या चौथ्या सूचीसाठी डिसेंबर २०२६ हा महिना ठरवला आहे. ती प्रसिद्ध होईल त्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांत ‘आकाशगंगेचा सर्वांत मोठा नकाशा’ असे काहीतरी येईल. त्यात ताऱ्यांची संख्या न पाहता, किती वर्षांच्या निरीक्षणांवरून चाली काढल्या आहेत आणि त्यांत दोष किती धरला आहे, ते दोन आकडे आधी शोधावेत.